विश्लेषण : कुत्र्यासाठी ‘जिम्नी’त नेमके काय बदलायचे?

रविवारी सकाळी चांदणी चौक ओलांडून मुळशीच्या रस्त्याला लागले की एक दृश्य हमखास दिसते. चौकोनी बांध्याची छोटी फोर बाय फोर, टपावर कॅरियर, जाडजूड टायर, पुढे दिव्यांची पट्टी आणि मागच्या खिडकीतून छातीपर्यंत बाहेर आलेला लॅब्रॅडॉर. गाडीवर भरपूर पैसा ओतलेला असतो, पण कुत्र्याला जागेवर धरून ठेवील असा एक पट्टा आत नसतो. ‘याच्यासाठीच तर घेतली’ असे मालक कौतुकाने सांगतात. गाडीतले बहुतेक बदल मात्र त्यांच्या स्वतःच्या हौसेचे असतात. कुत्र्याच्या गरजेची यादी वेगळी आहे, बरीच स्वस्त आहे आणि फोटोत फारशी दिसत नाही.

ही गाडी कुत्र्यांसाठी सोयीची आहे का?

अर्धीमुर्धी. मारुती सुझुकीने पाच दरवाजांची जिम्नी जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आणली. लांबी ३,९८५ मिलिमीटर, रुंदी १,६४५ मिलिमीटर, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. शिडीसारखी चासी आणि गरजेला लावायची फोर व्हील ड्राइव्ह. पावसाळ्यात पानशेतच्या बाजूला शेतापर्यंतच्या चिखलात जायचे असेल तर ती कामाला येते. चिखलाने माखलेला कुत्रा आत घ्यायला मन कचरत नाही, हाही एक गुणच. गुरुग्रामला बनणारी हीच गाडी २०२५ च्या सुरुवातीला ‘जिम्नी नोमेड’ नावाने जपानमध्ये जाहीर झाली, तेव्हा काही दिवसांतच सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.

आता उणी बाजू. गाडी चौघांची आहे. मागची आसने उभी असताना डिकीत जेमतेम २०८ लिटर जागा उरते, ती पाडली की ३३२ लिटर. मागच्या बाजूला एसीचे झरोके नाहीत. डिकीचा दरवाजा वर न उघडता कपाटासारखा बाजूला उघडतो आणि त्यावर स्टेपनी टांगलेली असल्याने जड असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे भिंत असेल तर तो पुरता उघडतच नाही. खरे सांगायचे तर फक्त शहरात फिरणाऱ्या आणि वयस्क कुत्रा असलेल्या घराला ‘ईको’सारखी सरकत्या दरवाजाची साधी गाडी अधिक सोयीची पडेल. पण जिम्नी दारात आलीच असेल, तर तिचे काय करायचे ते पाहू.

पहिला खर्च कशावर?

पट्ट्यावर. २५ किलोचा कुत्रा ५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत मोकळा बसला आहे आणि गाडी कशावर तरी आदळली, असे समजा. त्याचे शरीर त्याच वेगाने पुढे जाते. एक दशांश सेकंदात ते थांबवायचे म्हटले तरी साधारण साडेतीनशे किलो वजनाइतका जोर लागतो. दहा मीटर उंचीवरून खाली पडताना जो वेग येतो, तोच हा वेग. हा कुत्रा पुढे बसलेल्या माणसाच्या मानेवर येतो. मांडीवर घेऊन बसणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये कुत्र्याला गाडीत नीट बांधून ठेवावे असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२५ चालकाच्या नियंत्रणात अडथळा येईल असे काहीही ठेवायला मनाई करते. चालकाच्या मांडीवरचा पग या कलमाच्या कक्षेत सहज बसतो.

पट्टा गळ्यात अडकवायचा नाही. छातीवर रुंद बसणारा हार्नेस घ्यायचा आणि त्यातून आसनाचा बेल्ट ओवायचा. हार्नेसवरची ‘सेफ्टी’ ही अक्षरे वाचून मात्र निश्चिंत होऊ नये. अमेरिकेतील ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ने २०१३ मध्ये सुबारू कंपनीच्या मदतीने हार्नेसच्या टक्कर-चाचण्या घेतल्या, त्यात अव्वल ठरला तो एकच. आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक हार्नेस फिरायला नेण्याचे आहेत. त्यातल्या त्यात धातूची कडी, दुहेरी शिलाई आणि आखूड दोरी पाहावी. दोरी लांब असली की झटका वाढतो.

मग मागे सपाट बिछाना करावा की नाही?

इथे माझे मत बहुतेक हौशी लोकांच्या विरुद्ध आहे. मागची आसने पाडायची, त्यावर प्लायवूडची फळी, वर फोम आणि रेक्झिन; चित्रात हे सुरेख दिसते. जिम्नीची आसने पाडल्यावर मजला पूर्ण सपाट होत नाही, म्हणून फळी लागते हेही खरे. पण आसन पाडले की त्याच्या बेल्टचा उपयोग संपतो, कुत्रा बांधायला उरतात त्या सामान अडकवायच्या कड्या. ताम्हिणीच्या वळणांवर गुळगुळीत रेक्झिनवरून तो एका काचेवरून दुसऱ्या काचेवर घसरत राहतो. नखे रोवायला काही नाही, म्हणून घाबरतो, लाळ गाळतो, ओकतो. ‘आमच्याला गाडी लागते’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी त्याच्या पायाखाली काय आहे ते पाहावे.

एकच मध्यम कुत्रा असेल तर आसन उभेच ठेवावे, त्यावर जाड कॅनव्हासचे झोळीसारखे कव्हर टाकावे आणि आसन व पाय ठेवायची जागा यांतली पोकळी कडक फोमने भरावी. आसने अर्धी-अर्धी दुमडतात, त्यामुळे सामानासाठी एक बाजू पाडता येते. दोन मोठे कुत्रे असतील तर फळीला पर्याय नाही. पण मग वर रेक्झिनऐवजी खरखरीत रबरी मॅट हवी, कडेला चार बोटे उंच काठ हवा आणि फळी चासीला न ठोकता बेल्टने आवळलेली हवी.

पुढच्या आसनांवर कव्हर चढवताना आणखी एक सांभाळावे. या गाडीत सहा एअरबॅग आहेत, त्यांतल्या दोन पुढच्या आसनांच्या कडेतून उघडतात. सगळीकडून शिवलेले कव्हर त्यांची वाट अडवते. छतालगत घट्ट बसवलेली लोखंडी जाळी पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या आड येऊ शकते. मऊ जाळी हेडरेस्टला बांधणे बरे.

कायदा कुठे आडवा येतो?

मागची आसने कायमची काढून टाकली तर नोंदणी पुस्तकातील आसनसंख्या आणि गाडी यांचा मेळ राहत नाही. कलम ५२ नुसार मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यावर विमा कंपनीलाही आयते कारण मिळते. कुत्र्याला ऊन लागते म्हणून लावलेली काळी फिल्मही चालत नाही. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा.

गाडी उंच करणाऱ्या ‘लिफ्ट किट’बद्दल कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. डिकीचा मजला आधीच उंच, तो आणखी उंच करून आठ-दहा वर्षांच्या लॅब्रॅडॉरने तिथे उडी कशी मारायची? कंबरेच्या सांध्याचे दुखणे या जातीत नवे नाही. तेवढ्याच पैशात घडीची उतरंड येते. ती पावणेदोन मीटरपेक्षा आखूड घेऊ नये, नाहीतर चढ फार उभा होतो. आणि ती पहिल्यांदा गाडीला न लावता घरात जमिनीवर आडवी टाकून त्यावरून चालायची सवय करावी. होंडाने २००९ मध्ये अमेरिकेत ‘एलिमेंट’ या छोटेखानी गाडीची कुत्र्यांसाठीची आवृत्ती दाखवली होती. तिच्यात उतरंड होती, मऊ बिछाना होता, न सांडणारे पाण्याचे भांडे होते, पंखा होता. मोठे टायर नव्हते.

पंख्याची गरज काय?

मागे झरोके नसल्याने पुढच्या माणसाला थंडी वाजते आणि मागचा कुत्रा धापा टाकतो, असे या गाडीत सहज घडते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो तोंड उघडून धापेवर अंग थंड करतो आणि कोकणातल्या दमट हवेत ती युक्ती लंगडी पडते. पग, शिट्झू अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांचे तर हाल होतात. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंखा हेडरेस्टला बसवला की पुढची गार हवा मागे ढकलली जाते. यासाठी मूळ वायरिंग कापू नये.

पण हा पंखा चालत्या गाडीसाठी आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तासाभरात बाहेरपेक्षा २० अंशांहून अधिक उष्णता साचते, त्यातली बरीचशी पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काच दोन बोटे खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेलेला माणूस मिसळीच्या रांगेत वीस मिनिटे अडकतो. इंजिन चालू ठेवून एसी सोडून जाणे हाही मार्ग नव्हे. इंजिन बंद पडले तर आतल्याला काही सांगता येत नाही. कुत्रा बरोबर असेल त्या दिवशी जेवायला पाळीपाळीने जायचे, नाहीतर डबा घरून न्यायचा.