तराफ्यावरची बाई

रोमँटिक काळातल्या सुटकेच्या चित्रांत सर्वांत गाजलेलं म्हणजे थिओडोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराचं १८१९ सालचं 'मेड्यूसाचा तराफा'. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं हे चित्र सात मीटरहून रुंद आहे. प्रेतांमधून माणसं उठतात, एकमेकांच्या आधारानं वर सरकतात आणि सर्वांत वर एक काळा पुरुष ठिपक्याएवढ्या जहाजाकडे बघत फडकं हलवतो. गुलामगिरीच्या काळात काळ्या माणसाला शिखरावर उभं करणं ही लहान गोष्ट नव्हे. पण या चित्रात मला एकही बाई दिसत नाही.

प्रत्यक्षात होती. जुलै १८१६ मध्ये मेड्यूसा जहाज पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं. होड्या अपुऱ्या, म्हणून सुमारे दीडशे जणांना तराफ्यावर चढवलं आणि मग तराफा ओढणारा दोरच सोडून दिला. तेरा दिवसांनी १५ जण जिवंत सापडले. त्यांपैकी सॅव्हिन्यी आणि कोरेआर यांनी लिहिलेल्या हकिगतीत ही बाई भेटते. सैन्याबरोबर फिरून जवानांना खाणंपिणं विकणारी. बंडाळीत तिला समुद्रात फेकलं, तेव्हा कोरेआरनं तिला बाहेर काढलं. पुढे तिची मांडी मोडली. वाइन संपत आली, तेव्हा धडधाकटांनी आपसात ठरवून, जगण्याची आशा नसलेल्यांना पाण्यात लोटलं. त्यांत ती होती, तिचा नवराही होता.

जेरिको या दोघांना भेटला होता, चित्रात ते आहेत. ती नाही. (जेरिकोच्या चित्रांतल्या या गैरहजेरीवर लिंडा नॉक्लिन यांनी १९९४ मध्ये लिहिलं आहे.)

मग बाई दिसते कधी? देश वाचवायचा असतो तेव्हा. देलाक्र्वाच्या १८२६ च्या चित्रात ग्रीस म्हणजे ढिगाऱ्यावर गुडघा टेकून हात पसरलेली, छाती उघडी असलेली बाई. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिसोलोंगीचा वेढा फोडून लोक रात्री बाहेर पडले, तेव्हा कित्येक बायका पुरुषी कपड्यांत, हत्यारं घेऊन निघाल्या होत्या. त्या या चित्रात नाहीत. हत्यारबंद बाईची दया कुणाला येणार! १८३० मध्ये त्यानं बाईच्या हाती बंदूक दिली खरी, पण ती बाई नव्हे, 'स्वातंत्र्य'.

मैत्रिणींनो, आपल्या पोस्टरांवरच्या, तोंड झाकून बसलेल्या बाईकडे मी आता जरा संशयानं बघते. ती कुणाची वाट बघतेय? रात्री घर सोडताना बाईनं पिशवीत काय भरलं, कुणाचं दार वाजवलं, हे पोस्टरवर कोण काढणार? पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असं मला वाटतं.