अनोळखी व्यवहाराचा मेसेज आला? तीन दिवस महत्त्वाचे

धारणी : क्रेडिट कार्डच्या बिलात अनोळखी नाव दिसले, तर आधी तारीख आणि रक्कम ताडून पाहा. अनेकदा दुकानाऐवजी मूळ कंपनीचे किंवा पेमेंट गेटवेचे नाव येते. तरीही ओळख पटली नाही, तर कार्ड लगेच ब्लॉक करा, बँकेत तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. फसवणूक वाटल्यास १९३० वर फोन करा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची, अशा प्रकरणात कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार नाही. चार ते सात दिवसांत कळवले, तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर जास्तीत जास्त १० हजार रुपये. त्यापुढे बँकेचे धोरण लागू. ओटीपी स्वतः दिला असेल, तर तक्रारीपर्यंतचे नुकसान तुमचेच.

मेळघाटात खरी अडचण रेंजची. हरिसालला २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून नाव मिळाले. पण तालुक्यातील काही गावांत मेसेज वेळेवर पोहोचत नाहीत. नियम मात्र ग्राहकाच्या बाजूने आहे. दिवस मोजायचे ते बँकेची सूचना ग्राहकाला मिळाल्यानंतर, मिळाल्याचा दिवस वगळून. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणे हेही बँकेचेच काम. त्यामुळे ‘उशीर झाला’ म्हणत शाखेने कुणाला परत पाठवू नये. तक्रार घ्यावी, पोच द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.