आधी टेबल, मग फडताळं

परसात छंदासाठी शेड बांधायची म्हटली की लोक पहिल्यांदा फडताळं आखतात. मग काय, वर्षभरात तिथे जुना कूलर, रद्दी आणि रिकामी खोकी! मी म्हणतो, आधी कामाचं टेबल आखा. प्लायचा अख्खा तक्ता ८ बाय ४ फुटांचा. तो दारातून आत यायला आणि टेबलाभोवती फिरायला नको? खिडकी उत्तरेला ठेवा, दिवसभर सारखा उजेड मिळतो. करवतीचा भुसा आणि ओला रंग शेजारी नांदत नाहीत, त्यांना लांब ठेवा. सामान भिंतीवर टांगा. आठवडाभर कीबोर्ड बडवणाऱ्या माझ्यासारख्याला शनिवारी रंधा मारायला मोकळी जमीन हवी. अडगळीला अख्खं घर आहेच की!