वाचून छापणाऱ्याचा अपराध

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जीव घेतला. अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. तेव्हापासून आमच्या खानदेशातील प्राध्यापक मंडळींत एक सोपा निष्कर्ष ऐकू येतो : दुसऱ्याचा मजकूर जो दाखवील, तोही लिहिणाऱ्याइतकाच दोषी. राईनपाड्याची वेदना आमचीही आहे. निष्कर्ष मात्र आम्हांस अमान्य आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७९ संकेतस्थळाच्या चालकाला इतरांच्या मजकुराबाबत संरक्षण देते. न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना मिळूनही मजकूर हटवला नाही, तर ते जाते. कोणी नुसता आक्षेप घेतला म्हणून जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ठरवले. हे योग्यच झाले.

पण याच कलमात एक अट आहे : चालकाने मजकूर निवडलेला वा बदललेला नसावा. म्हणजे न वाचता अफवा वाहून नेणाऱ्या बलाढ्य कंपनीला अभय, आणि चार कविता पारखून, शुद्धलेखन तपासून मांडणारा संपादक उघड्यावर!

संपादकाला मजकूर ठाऊक असतो, म्हणून त्याची जबाबदारी अधिक, असे यावर सांगितले जाते. परंतु मजकूर ठाऊक असणे निराळे आणि तो बेकायदा आहे हे ठाऊक असणे निराळे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता देविदास तुळजापूरकर यांनी १९९४ साली बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली. अश्लीलतेच्या आरोपातून ते १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयात मुक्त झाले. पण ती छापण्याचा हक्क होता म्हणून नव्हे, तर पुढच्या अंकात बिनशर्त माफी मागितली होती म्हणून. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले गेले. न्यायसंस्थेला जे एकवीस वर्षांत पुरते ठरवता आले नाही, ते संपादकाने छापण्यापूर्वी ओळखावे काय?

उत्तरदायित्व हवेच, पण ते निर्णय कळल्यानंतरचे, आणि वाचणाऱ्यालाही न वाचणाऱ्याइतकेच संरक्षण देणारे. अन्यथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना आपण एवढेच शिकवू शकू : निवडू नका, सुधारू नका, आणि छापलेच तर माफीचा मसुदा तयार ठेवा.