आजीसमोर मुलाखतीची तालीम

गेल्या वर्षी सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या नोकरीची एक मुलाखत माझ्या हातची गेली. प्रश्न सोपा होता: दिलेल्या यादीतल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज 100 होते, ते शोधा. मी 20 मिनिटं गप्प बसून कोड लिहिला. कोड चालला, नोकरी मिळाली नाही. "तुम्ही काय विचार करत होता ते कळलंच नाही," असा निरोप आला.

आम्हा इंदूरकरांचं घरी मराठी, बाहेर हिंदी आणि मुलाखत इंग्रजीत. चुकू या धास्तीने तोंडच उघडलं नव्हतं.

आता मी आधी विचारते: यादी केवढी? संख्या चढत्या क्रमाने आहेत का? अशी जोडी नसेलच तर काय करायचं? मग सरळधोपट मार्ग सांगते: प्रत्येक जोडी तपासायची. 10,000 संख्या असतील तर जोड्या होतात जवळपास 5 कोटी! मग सुधारणा: येईल ती संख्या हॅशमॅपमध्ये ठेवायची आणि तिची जोडीदार आधी येऊन गेली का ते बघायचं. यादीवरून एकच फेरी पुरते. मेमरी तेवढी जास्त लागते. एवढं बोलून झाल्यावरच कोड.

सराव आजीसमोर केला, मराठीतच. तिला हॅशमॅप कळत नाही, पण "इथे काहीतरी गाळलंस हं," असं ती बरोबर टोकायची. बहुतेकदा चूक तिथेच असायची. इंग्रजी मग आपोआप सुटलं.

चार महिन्यांनी नोकरी लागली. पहिला पेढा अर्थातच आजीला! तुमच्याही घरी ऐकणारं कुणी असेलच. आजच समोर बसवा.