कपाटातला लॅपटॉप

शाळेला भेट मिळालेला लॅपटॉप केवळ संथ चालतो म्हणून कपाटात पडून राहावा, हे मला खटकते. तो सुरू होईपर्यंत तासिका निम्मी सरते, आणि नवखी विद्यार्थिनी आपलेच काही चुकले असे समजते. दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर माहिती शोधण्यातच तिचा वेळ जातो. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपांत हार्ड डिस्कच्याच जागी बसते. (प्रोसेसर मात्र त्यामुळे बदलत नाही, आणि माहितीची प्रत आधी काढून ठेवावी लागते.) नवा लॅपटॉप देणे परवडत नाही म्हणून संकोचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एक एसएसडी द्यावी, कपाटातले एक यंत्र वर्गात परत येईल.