ग्रोलिएचे आणि मित्रांचेही

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या घरी पहिली धाड पुस्तकांच्या कपाटावर पडते. "हे कधी उघडून तरी पाहता का?" असा सौ.चा सवाल येतो आणि रद्दीवाला दारात उभाच असतो! अशा वेळी मला न्यूयॉर्कचा ग्रोलिअर क्लब आठवतो.

१८८४ साली रॉबर्ट हो या छापयंत्रांच्या कारखानदाराने आठ जणांना घरी बोलावले आणि नऊ पुस्तकवेड्यांनी मिळून हे मंडळ काढले. नाव घेतले सोळाव्या शतकातल्या जाँ ग्रोलिए या फ्रेंच संग्राहकाचे. हा गृहस्थ आपल्या पुस्तकांच्या सुरेख बांधणीवर लॅटिनमध्ये उमटवून घेई : 'ग्रोलिएचे आणि त्याच्या मित्रांचे.' पुस्तके मागणारा मित्र जिन्यात दिसताच कपाटाची किल्ली लपवणाऱ्या माझ्यासारख्याने काय बोलावे!

क्लबच्या ग्रंथालयात लाखाहून अधिक ग्रंथ आहेत आणि अभ्यासकांना वेळ ठरवून तेथे बसता येते. पण ही पुस्तके आहेत पुस्तकांविषयीची! छपाईचा, बांधणीचा इतिहास आणि विक्रेत्यांच्या, लिलावांच्या जुन्या याद्या. रद्दीतच जायच्या त्या. मग जपायच्या कशाला?

होसाहेबांचेच पाहा ना. १९०९ साली ते वारले. १९११-१२ मध्ये त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. चर्मपत्रावर छापलेले गुटेनबर्गचे बायबल हंटिंग्टन यांनी ५०,००० डॉलरना घेतले. ते आज कॅलिफोर्नियात आहे. जन्मभर जमवलेला संसार असा पांगला. उरली ती छापील यादी. कोणता ग्रंथ कोणाकडून कोणाकडे गेला, याचा माग अशा याद्यांवरूनच लागतो.

मित्रांच्या या मंडळात स्त्रियांना प्रवेश मिळायला मात्र १९७६ साल उजाडले. हे ऐकताच सौ. म्हणाली, "म्हणजे ब्याण्णव वर्षे नुसती धूळ झटकायलाच का?"

यंदा रद्दीवाल्याला परत पाठवले. मी नावे सांगत गेलो, सौ. वहीत उतरवत गेली. वडिलांच्या एका जाडजूड पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांच्या मित्राची सही निघाली. वडिलांनी वाचायला आणलेले; परत करायचे राहून गेलेले!

"हे कोणाच्या नावावर घालू?" सौ.ने विचारले.

मी गप्पच. वडील गेले, त्यांचे मित्रही गेले. मित्राच्या मुलाचा पत्ता मिळवला आहे. भाऊबीज झाली की फराळाच्या डब्याबरोबर पुस्तकही त्याच्या घरी पोचते करीन.